भाऊ लो व्हिजनचा आहे, पुण्यात बीकॉमला आलाय. कॉलेजकडून नेमकं काय काय मागायचं?

कर्वेनगरची_ताई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचून सांगा प्लीज. माझा धाकटा भाऊ यंदा बार्शीहून बारावी करून पुण्यात आलाय, एफवायबीकॉमला ॲडमिशन झाली, कॉलेज अनुदानित आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोझा. संध्याकाळ झाली की जवळपास काहीच दिसत नाही आणि दिवसा समोरचं दिसतं पण आजूबाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचतो, छापील पुस्तकाची दोन-चार पानं झाली की डोळे आणि डोकं दोन्ही दुखायला लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, पिवळं, सोलापूरहून काढलेलं.

ॲडमिशनच्या वेळी ऑफिसमध्ये विचारलं की याच्यासाठी काय सोय आहे, तर म्हणाले परीक्षेला रायटर, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारा माणूस, तुमचा तुम्ही आणा, बाकी आमच्याकडे काही नसतं. आणि एकजण त्याच्या तोंडावर म्हणाले, "याला तर दिसतंय की." हा तेव्हा काही बोलला नाही, बाहेर आल्यावर म्हणाला ताई राहू दे, मी करीन मॅनेज. मला ते मॅनेज करीन ऐकूनच भीती वाटते, कारण बारावीला पण त्याने असंच मॅनेज केलं, एक्स्ट्रा टाइम घेतला नाही, अकाउंट्सचा पेपर अर्धा राहिला. मुलगा हुशार आहे हो, आकडेमोड तोंडी करतो.

तर प्रश्न असे की रायटर खरंच आपणच शोधायचा असतो का, नोट्सचं काय करायचं, आणि त्याची काही लेक्चर्स संध्याकाळी पाचनंतर आहेत, हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधार पडणार, त्याचं काय. मी हिंजवडीला जॉबला असते, रोज आणायला जाऊ शकत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पासबुक_आणि_एनव्हीडीए

ताई, मी पूर्ण अंध आहे, पुण्यातूनच बीकॉम एमकॉम केलं, आता बँकेत आहे. तुमच्या भावाच्या केसमध्ये एक गोष्ट अशी आहे जी ऑफिसातले लोक सांगणार नाहीत आणि बऱ्याच मुलांना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळते, म्हणून ती आधी सांगतो.

केंद्र सरकारने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, २९ ऑगस्ट २०१८ ला, २०२५ मध्ये त्यात बदल झालेत. २०१८ च्या तत्त्वांत अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी, या तिघांना मागितला की रायटर द्यायचा, वेगळा कागद लागत नाही. पण बाकीच्या प्रकारांना, आणि लो व्हिजन त्या बाकीच्यात येतं, सिव्हिल सर्जन किंवा सरकारी हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटचं वेगळं सर्टिफिकेट लागतं की या विद्यार्थ्याला लिहायला अडचण आहे आणि त्याला रायटर आवश्यक आहे. नुसतं यूडीआयडी दाखवलं तर "हे लो व्हिजन आहे" म्हणून परत पाठवतात आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर असतं. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून, दोन्हीकडे गर्दी असते, सकाळी लवकर जा, यूडीआयडी आणि डोळ्यांचे जुने सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा. हे आत्ताच करून टाका, दिवाळीच्या तोंडावर परीक्षेचा फॉर्म आल्यावर पळापळ नको.

अजून एक, त्याची फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, शेवटची कधी केली होती? आरपी वाढत जातो. कायद्यात लो व्हिजन म्हणजे चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत, आणि १० च्या खाली गेलं की अंधत्व, मग समोरचं अक्षर वाचता येत असलं तरी. लोक फक्त चष्म्याचा नंबर विचारतात आणि "याला तर दिसतंय" म्हणतात, त्याचं मूळ हेच आहे, फील्ड त्यांच्या डोक्यातच नसतं. जुना रिपोर्ट असेल तर नवीन टेस्ट करा, कॅटेगरी बदलली असेल तर सर्टिफिकेट पण बदलून घ्या.

रायटरबद्दल. २०१८ च्या तत्त्वांप्रमाणे विद्यार्थ्याला निवड होती, स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांनी द्यायचा. "तुमचा तुम्हीच आणा" एवढं एकच उत्तर बरोबर नाही. स्वतःचा आणला तर २०१८ च्या तत्त्वांप्रमाणे तो शिक्षणाने एक पायरी खाली असावा लागायचा. वेगवेगळ्या पेपरला वेगळा रायटर चालतो. यात मधूनमधून सुधारणा होतात, म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक कॉलेजकडून मागून घ्या आणि त्यातलं वाचून मगच माणूस ठरवा.

आणि माझं मनापासून सांगणं, अकाउंट्सला रायटर कॉमर्सचाच बघा. ज्याला जर्नल एंट्री म्हणजे काय माहीत नाही, डेबिट कुठल्या कॉलममध्ये मांडायचं माहीत नाही, तो तुमच्या भावाच्या डोक्यातलं बरोबर उत्तर कागदावर चुकीचं उतरवणार. परीक्षेआधी त्या मुलाबरोबर बसून जुने पेपर सोडवायचे, बोलून लिहून घेणं हे वेगळं स्किल आहे, ते एकदम परीक्षा हॉलमध्ये जमत नाही. मी सांगायचो "डावीकडे टू कॅपिटल अकाउंट, रक्कम अमुक, खाली रेघ", अशी आमची भाषा ठरलेली होती.

रायटर नको असेल, त्याला स्वतःच लिहायचं असेल तरी जादा वेळ मिळतो बरं का. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. हे इंटर्नल टेस्टलाही मागा, तिथे सगळे विसरतात.

वर्गात_फळ्याजवळ

मी अनुदानित कॉलेजमध्ये कॉमर्स शिकवते, आमच्या कॉलेजच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या कक्षाचं कामही माझ्याकडे आहे. वरच्या सरांनी परीक्षेचं छान सांगितलंय, मी वर्गातलं सांगते, कारण परीक्षा वर्षातून दोनदा येते आणि वर्ग रोज असतो.

तुम्ही ऑफिसात विचारलंत, तिथेच थोडी गडबड होते. ऑफिसमधल्या माणसाला ॲडमिशनच्या दिवसांत फीच्या पलीकडे काही दिसत नसतं. तुम्ही प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या. यूजीसीने फार पूर्वीपासून कॉलेजांनी असा कक्ष चालवावा म्हणून योजना आणल्या, २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सगळं वापरता यावं याची, मार्गदर्शक तत्त्वंही काढली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेचा जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्दशः लिहिलंय. तरी बऱ्याच कॉलेजांत हा कक्ष म्हणजे एका प्राध्यापकाच्या नावापुढे लिहिलेली एक ओळ असते, हे मी आतून बघून सांगते. मग त्या प्राध्यापकाला शोधायचं आणि भेटायचं. बहुतेक वेळा माणूस चांगला असतो, त्याच्याकडे कुणी आलेलंच नसतं.

मागताना "मदत करा" असं मोघम लिहू नका. मदत करा म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि काहीच होत नाही. काय हवं ते एकेक लिहा. पहिल्या बाकावर जागा, फळ्यावर लिहिलेलं तोंडाने बोलणं, नोट्स लेक्चरच्या आधी मोबाइलवर, इंटर्नलला जादा वेळ, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात. मी स्वतः एका मुलाच्या अर्जानंतर बोलत बोलत फळ्यावर लिहायला लागले, आता ती सवयच झाली आणि मागच्या बाकावरची सगळी मुलं म्हणतात मॅडम आता जास्त कळतं.

नोट्सबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या नोट्स अजूनही श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, मोबाइल किंवा कंप्युटर त्या वाचायला लागला की अगम्य अक्षरं ऐकू येतात. आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेली पीडीएफ म्हणजे फोटोच असतो, त्यातलं त्याला काहीच वाचता येत नाही. म्हणून अर्जात "युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल" असंच लिहा. शिक्षकाकडे मूळ फाइल असते हो, फक्त कुणी मागत नाही. मी आमच्या डिपार्टमेंटच्या सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये करून घेतल्या, दोन सहकाऱ्यांनी कुरकुर केली, पण एकदा झालं की दरवर्षी तेच वापरता येतं.

संध्याकाळच्या लेक्चरचं पण अर्जात टाका. डिव्हिजन बदलून सकाळची देणं हे कॉलेजच्या हातात असतं, सुरुवातीच्या महिन्यात सहज होतं, नंतर रोल नंबर पक्के झाले की अवघड जातं.

दोन_मुलांची_आई

माझा मुलगा डिस्लेक्सियाचा आहे, टीवायला आहे. त्याला कार्डावर दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के बसले नाहीत म्हणून कॉलेजने सगळं नाकारलं होतं. अशांसाठी इथे लिहून ठेवते, ११ फेब्रुवारी २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल आहे, त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे हात लिहिताना आखडायचा, आणि कोर्टाने सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट जागा नि नोकरीच्या आरक्षणासाठी आहे, रायटर मिळायला ती लावू नका. त्यानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळी तत्त्वं काढली. मी दोन्हींची प्रिंट अर्जाला जोडली. ताई, तुमच्या भावाला हे लागणार नाही, पण इथे वाचणाऱ्या कुणाला तरी लागेल.

जुना_पेठकर

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. सुरुवातीलाच कायदा, कोर्ट, अर्ज असं केलं तर प्राध्यापकांच्या डोळ्यावर येतो मुलगा, आणि तीन वर्षं तिथेच काढायचीत. माझ्या पुतण्याला पोलिओ होता, त्याने गोड बोलून सगळ्यांकडून काम करून घेतलं. मित्र जमवले की निम्मे प्रश्न सुटतात.

रॅम्प_कुठाय

काका, तुमच्या पुतण्याचं कौतुकच आहे, पण मला हे पटत नाही आणि का ते सांगते. मी व्हीलचेअर वापरते. माझी लेक्चर्स दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. पहिले काही महिने वर्गातली चार मुलं मला उचलून न्यायची, सगळी प्रेमाने, मी पण गोडच बोलायचे. पण ज्या दिवशी ती चौघं बंक मारायची त्या दिवशी माझं कॉलेज बुडायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात आपलं अंग देणं रोज रोज काय असतं ते मला इथे नाही लिहिता येत. मी पाणी पिणं कमी केलं होतं, कारण बाथरूम तळमजल्यावर. मग वडिलांनी अर्ज दिला, त्यात एकच ओळ होती, माझ्या डिव्हिजनचे सगळे तास तळमजल्यावरच्या खोलीत घ्यावेत. खर्च शून्य. टाइमटेबल बनवणाऱ्या सरांनी दोन खोल्यांची अदलाबदल केली. तेच सर नंतर मला म्हणाले, अगं आधी का नाही सांगितलंस.

अर्ज म्हणजे भांडण नाही हो काका. अर्ज असला की चांगल्या प्राध्यापकाला पण वर दाखवायला कागद मिळतो. मित्र तर हवेतच, पण मित्रांबरोबर सिनेमाला जायचंय, त्यांच्यावर जिना चढायचा नाहीये. आणि १५ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने उच्च शिक्षण संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के राखीव जागा आणि इमारतींची सुगम्यता या दोन्हींबद्दल स्पष्ट बजावलेलं आहे, आपण काही जगावेगळं मागत नाही.

अर्ज देऊनही महिना-दोन महिने काहीच हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, ते ऑफिस पुण्यातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. पण बहुतेक वेळा तिथवर जायची गरज पडत नाही.

कर्वेनगरची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, मी रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं. फळ्याजवळच्या मॅडमचं ऐकून तो म्हणाला पहिल्या बाकाचं नको लिहू, मला मधल्या बाकावरून जास्त चांगलं दिसतं, जवळ बसलं की फळ्याचा तुकडाच दिसतो. मला हे माहीतच नव्हतं, इतकी वर्षं आम्ही त्याला पुढेच बसवत आलो.

आता खरी अडचण. संध्याकाळचं डिव्हिजन बदलून मिळालं तरी क्लास, लायब्ररी, मेस, काहीतरी असणारच अंधारात. पांढरी काठी घे म्हटलं की तो उठूनच जातो. म्हणतो काठी घेतली की सगळे आंधळा म्हणणार आणि मोबाइल काढला की नाटक करतो म्हणणार. कर्वे रस्त्यावर फूटपाथ मध्येच संपतो, परवा एका खोदलेल्या खड्ड्याच्या अगदी काठावर थांबला, सोबत मी होते म्हणून.

पासबुक_आणि_एनव्हीडीए

ताई, बाकाचं त्याने स्वतः सांगितलं ना, हे सगळ्यात भारी झालं. अर्जात त्याच्याच शब्दांत घाला. अर्ज त्यालाच लिहू दे, तुम्ही फक्त टाइप करा.

काठीबद्दल जबरदस्ती करू नका, तुमच्याकडून तर अजिबात नको, घरच्या माणसाने दिलेली काठी नकोशीच वाटते. त्याची आरपीच्याच एखाद्या मुलाशी गाठ घालून द्या. माझ्या बॅचला एकजण होता, दिवसा काठी घडी करून सॅकमध्ये, सहा वाजले की बाहेर. घडीची काठी मिळते, लहान होते, कुणाला दिसत पण नाही. लोक काय म्हणतील याचं उत्तर त्याला तुमच्या-माझ्या बोलण्याने मिळणार नाही, तसं जगणारा कुणीतरी बघितला की मिळेल. काठी नीट वापरायचं ट्रेनिंग असतं, ते घेतल्याशिवाय नुसती काठी हातात धरली तर उपयोग कमी. रास्ता पेठेत पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, हडपसरकडचं एच. व्ही. देसाई डोळ्यांचं हॉस्पिटल त्यांचंच, तिथे चौकशी करा. विद्यानगरला मीरा बडवे यांनी सुरू केलेलं निवांत अंध मुक्त विकासालय आहे, तिथे कॉलेजातली बरीच मुलं-मुली भेटतील, अभ्यासाचं पण विचारा.

जमलं तर राहायची सोय मेट्रोच्या जवळ बघा. वनाज-रामवाडी लाइन नळ स्टॉप, गरवारे, डेक्कनवरून जाते, स्टेशनात उजेड असतो, पुढचं स्टेशन बोलून सांगतात. बसचा नंबर त्याला लांबून दिसणार नाही, तो ताण तरी वाचेल.

आणि डोळ्यांवर ताण देऊन वाचणं आत्तापासून कमी करायला शिकव त्याला. मोबाइलवर टॉकबॅक, लॅपटॉपवर एनव्हीडीए, दोन्ही स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवतात, फुकट आहे, मराठी वाचतं. पहिले पंधरा दिवस आवाज यंत्रासारखा वाटतो, नंतर वेग वाढवत नेतो माणूस. एक्सेलमध्ये बॅलन्स शीट करायला शिकला तर अकाउंट्सचा सराव कागदाशिवाय होईल, बाण दाबत दाबत एकेक घर ऐकता येतं, नोकरीत पण तेच कामाला येतं, मी रोज तेच करतो. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे ऑनलाइन, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच, मेंबर करून ठेवा. मिळालं नाही ते पुस्तक स्कॅन करून घ्यायला घाबरू नका, कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात करून घ्यायची मुभा आहे.

स्कॉलरशिप राहिली. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, दिव्यांगांसाठीची पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरची) आहे. आधार, यूडीआयडी आणि बारावीची मार्कलिस्ट तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आज रात्रीच तपासा, बहुतेकांचं तिथेच अडकतं.

कर्वेनगरची_ताई

त्याने रात्री बसून लिहिलं, मी तसंच टाकते, काही बदलायचं असेल तर सांगा. "मा. प्राचार्य, मी प्रथम वर्ष वाणिज्यचा विद्यार्थी असून मला रेटिनायटिस पिग्मेंटोझामुळे अल्पदृष्टी आहे. मला समोरचं दिसतं परंतु बाजूचं व अंधारात दिसत नाही. मला सकाळच्या डिव्हिजनमध्ये बदलून मिळावं. मला मधल्या बाकावर बसू द्यावं. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी ते बोलावं. नोट्स युनिकोड वर्ड फाइलमध्ये मिळाव्यात. सर्व परीक्षांना, अंतर्गत परीक्षांनाही, तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळावा. अकाउंट्सच्या पेपरला वाणिज्य शाखेचा लेखनिक मिळावा, बाकीचे पेपर मी स्वतः लिहीन. आपला विश्वासू."

बाकीचे स्वतः लिहीन हे त्याचंच, मी म्हटलं सगळ्यांनाच माग, तर नाही म्हणाला.

वर्गात_फळ्याजवळ

अर्ज उत्तम आहे, शब्दही बदलू नका. फक्त तीन गोष्टी. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात हवी का ते त्याला विचारा, बाकीचे पेपर स्वतः लिहिणार असेल तर लागेल, आणि किती मोठं अक्षर ते पॉइंटमध्ये लिहा, नुसतं मोठं म्हटलं तर कुणीतरी झेरॉक्स मोठी करून देतं आणि ती पुसट येते. खाली यूडीआयडी नंबर, आणि सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट आलं की तेही जोडणार असं लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच बाहेर पडा. विद्यार्थ्यांना घाईत पोच देत नाहीत, तरी थांबून घ्या. त्याच दिवशी एक झेरॉक्स त्याच्या क्लास टीचरला आणि एक परीक्षा विभागात, आणि द्यायला तो स्वतः जाऊ दे, तुम्ही बाहेर थांबा.